मागच्या भिंतीवरची काच

१९८७ च्या सप्टेंबर महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, भिवंडीत आम्ही भाड्याने राहत होतो त्या इमारतीची मागची भिंत कोसळली. भिंतीबरोबर वरच्या मजल्यावरची तिन्ही स्वयंपाकघरे आणि जिना खाली आला. त्याआधी काही दिवस पाऊस थांबला होता आणि कडक ऊन पडले होते. त्या दुपारी इमारतीत चौघीजणी होत्या. भिंत पडली तेव्हा त्यांतली एक आत होती.

इमारत दुमजली होती. खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर तीन बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाला दोन खोल्या. पुढची खोली गल्लीकडच्या गॅलरीत उघडायची, मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर. जिना लाकडी होता आणि गॅलरीच्या टोकापासून मागे जाऊन मागच्या भिंतीला लागून खाली उतरायचा. वर जायला-यायला दुसरी वाट नव्हती.

खाली लूम चालू असले की वर सगळे हलायचे. फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजू नयेत म्हणून आई मध्ये फडक्याच्या घड्या घालायची. पातेल्यातल्या दुधावर सतत बारीक वलये उठायची. घरात सगळे मोठ्याने बोलायचे, आणि बाहेर नातेवाइकांकडे गेल्यावरही आमचा आवाज खाली येत नसे. शुक्रवारी कारखान्यांना विजेची सुट्टी असायची. त्या दिवशी लूम बंद. इमारत स्थिर असायची, आणि आम्हाला तो दिवस सर्वांत सुरक्षित वाटायचा. जड कामे, म्हणजे अंथरुणे धुणे, पिंप भरणे, फळ्या पुसणे, शुक्रवारीच व्हायची.

वडील एका शाळेत कारकून होते. गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. मी कॉलेजात शिकत होते. शेजारच्या दोन खोल्यांत काकू आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली सासू राहायची. काकूंचे यजमान पडघ्याला एका गोदामावर होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. काकू घरी बसून लूमसाठी कांड्या भरायच्या, म्हणजे बारीक नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. तिसऱ्या बिऱ्हाडातले कुटुंब त्या वर्षीच्या जुलैपर्यंत तिथे होते.

मागच्या भिंतीला तडा होता. तो किती जुना होता याबद्दल दोन मते आहेत. वडिलांच्या म्हणण्यानुसार तो त्याच वर्षी मे महिन्यात दिसला. काकू म्हणायच्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून होता. तडा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका खाली जमिनीकडे गेला होता. जुलैमध्ये तिसऱ्या बिऱ्हाडाने नगरपालिकेत अर्ज दिला. थोड्याच दिवसांत बांधकामे तपासणारे ओव्हरसिअर आले.

ओव्हरसिअर पन्नाशीचे, बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी भिंत बाहेरून पाहिली, आतून पाहिली, तड्यात पेन्सिल घालून पाहिली. मग जिन्यात उभे राहून त्यांनी खालच्या कारखान्याला निरोप पाठवला आणि लूम बंद करायला लावले. लूम थांबल्यावर त्यांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी नोटीस चिकटवली गेली. इमारत राहण्यास धोकादायक आहे, रहिवाशांनी ती तात्काळ रिकामी करावी, मालकाने मागची भिंत उतरवावी, असा तिचा आशय होता. त्याच आठवड्यात तिसरे बिऱ्हाड जवळच्या शेलार गावी नातेवाइकांकडे निघून गेले.

शेठ, म्हणजे इमारतीचे मालक, नोटीस वाचायला स्वतः आले. त्यांची शेती खाडीकडच्या गावात होती, कारखाना त्यांच्या वडिलांनी घातला होता.

"मास्तर, ही भिंत माझ्या बापानं उभी केलीय," ते म्हणाले. "गाऱ्याची हाय, पन अशी तशी न्हाय. तुमी कशाला घाबरता?"

"शेठ, पालिकेने लिहून दिलंय."

"लिव्हनारं लिव्हतंय. तुमाला जायाचं तं जा. मी काय धरून ठेवलाय?" ते हसले. "पन गेलेला भाडेकरू परत आलेला मी तरी आजून बघितला न्हाय."

हे वाक्य आईने दाराआडून ऐकले. त्या दिवसापासून तिने घराबाहेर फारसे पाऊल टाकले नाही. बाजारात वडील जायचे किंवा मी. लग्नानंतरची पहिली काही वर्षे ती पडघ्याला दुसऱ्याच्या ओसरीवर पडदा लावून राहिली होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. ते मला काकूंकडून कळले होते.

घरात त्यानंतर रोज एकच वाद चालायचा. वडिलांना निघायचे होते. जेवताना त्यांचा डावा हात भिंतीवर असायचा, तळवा पूर्ण टेकवलेला. आईला राहायचे होते.

"कुठे जायचं ते सांगा आधी," आई म्हणायची.

"शेलारला बघतो कुठे."

"बघा. मिळाली की सांगा. पण कुलूप लावून मी इथून निघणार नाही. आपण निघालो की तो शेठ दुसऱ्या दिवशी आत सुताचे गठ्ठे ठेवील."

"आणि भिंत आली अंगावर, तर?"

"लूमने हलते ती भिंत. इतकी वर्षं हलतेय."

ऑगस्टच्या सुरुवातीला ओव्हरसिअर पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर एक गवंडी होता. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवली. तिची दोन टोके तड्याच्या दोन बाजूंना सिमेंटच्या गोळ्यांत पक्की केली. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तुटते, लाकूड किंवा लोखंड असते तर वाकले असते, असे त्यांनी वडिलांना समजावले.

"नोटीस आहे तशी आहे," ते म्हणाले. "तुम्ही आजच निघालेलं बरं. ते होत नसेल तर जागा मिळेपर्यंत निदान एवढं करा. ही फुटली की त्याच क्षणी खाली उतरायचं. माझी वाट बघायची नाही, सामान बघायचं नाही. वेळ आली तर पोलीस घेऊन येईन मी, पण काच माझ्या आधी येईल."

ते गेल्यावर वडील आईला म्हणाले, "आता भांडण नको. काच शाबूत तोवर राहू. फुटली की निघू. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली.

हा करार दोघांनी पाळायचा होता. वडिलांनी पाळला. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ते चष्मा लावून काचेसमोर उभे राहायचे, वाकून दोन्ही टोके पाहायचे आणि म्हणायचे, "शाबूत आहे." काकू सकाळी पाणी भरायला जाताना आमच्या दारातून विचारायच्या, "मास्तर, आहे का हो?" आणि "आहे" ऐकून पुढे जायच्या. ओव्हरसिअर अधूनमधून यायचे, काच पाहायचे, जागा मिळाली का म्हणून विचारायचे आणि जायचे. ऑगस्टचा पाऊस त्या वर्षी जोराचा होता. भिंतीतून पाणी झिरपत होते. काच मात्र शाबूत होती.

भीती कमी झाली नव्हती. तिने जागा बदलली होती. पूर्वी आम्ही तड्याला घाबरायचो, आता काचेला घाबरू लागलो. खाली एखादा लूम अडकून धक्का बसला की घरातले सगळे हातातले टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. काकूंची सासू पलंगावरून विचारायची, "फुटली का गं? फुटली का?" तिला मी आजी म्हणायचे.

आईच्या वागण्यातल्या काही गोष्टी मला त्या महिन्यात दिसल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लागला नव्हता. तिने आमची अंथरुणे गॅलरीकडच्या कडेला हलवली. कारण ओल असे सांगितले. स्टोव्ह तिने मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणला. भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा एकेक करून नाहीशा झाल्या. धक्क्याने फुटतात, असे ती म्हणाली. लूमच्या वर राहणाऱ्या घरात हे पटण्यासारखे होते.

त्या शुक्रवारी मला ताप होता म्हणून मी कॉलेजला गेले नाही. वडिलांनी नेहमीप्रमाणे काच पाहिली आणि ते शाळेत गेले. लूम बंद होते. कारखान्याला बाहेरून कुलूप होते. गल्लीत चहाच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता, इतकी शांतता होती. दुपारच्या नमाजाची वेळ झाली तशी गल्लीही रिकामी झाली.

मी पुढच्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज आला. बांगडी वाढवताना होतो तसा.

मी उठून दाराशी गेले. आई भिंतीसमोर उभी होती. काचेची पट्टी मधोमध दुभंगली होती आणि तिचे दोन तुकडे एका रेषेत राहिले नव्हते.

"आई, फुटली."

तिने फळीवरच्या डब्यामागे हात घातला आणि कागदात गुंडाळलेली काचेची दुसरी पट्टी काढली. त्याच कागदाशेजारी वाटीत सिमेंटची भुकटी होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळले.

"किती वेळा बदललीस?"

"पावसात फुटायची," ती म्हणाली. "लूमच्या धक्क्याने. भिंतीने नाही फुटायची." हातातली पट्टी तिने पुन्हा कागदावर ठेवली. "पण आज लूम बंद आहेत."

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. भिंतीच्या आतून आवाज येत होता. सुपात तांदूळ हळूहळू ओतावेत तसा. मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. एरवी लूमच्या आवाजात तो ऐकू येणे शक्य नव्हते. आईने तो आधीच्या शुक्रवारीही ऐकला होता, हे तिने पुढे सांगितले. मी तड्याकडे पाहिले. सकाळी त्यात पेन्सिल जात होती. आता त्यातून बाहेरचे ऊन दिसत होते.

"काकूंना सांग," आई म्हणाली.

काकू दारात कांड्या भरत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितले. त्यांनी आईकडे पाहिले.

"वहिनी, खरं? आज तर लूम बंद आहेत!"

"खरं. चला."

"सकाळी मास्तर आहे म्हणाले!"

"काकू, चला," मी म्हणाले.

"आणि सासूबाईंना कशी नेऊ मी? एकटीनं?"

कारखाना चालू असता तर खाली हाक मारून चार माणसे आली असती. शुक्रवारी खाली कोणीही नव्हते. काकूंनी दाराला लावलेला कोऱ्या कापडाचा पडदा ओढून काढला. कारखान्यातून मिळालेला, जाड, न धुतलेला. तो आजीच्या अंगाखाली सरकवला. डोक्याकडची दोन टोके काकूंनी धरली, पायाकडची आई आणि मी.

"म्या न्हाय उतरनार," आजी म्हणाली. "एकदा उतरवलं का परत कोन चढवतंय?"

"आई, गप बसा हो जरा," काकू सासूला म्हणाल्या.

"गप काय? मेल्यावर उतरवा. तवा म्या काय बोलनार हाय?"

जिना अरुंद होता. दोघी शेजारी-शेजारी उतरू शकत नव्हत्या, म्हणून पुढची दोन्ही टोके आईने एकटीने घेतली आणि मी पुढे होऊन आजीचे पाय खालून उचलून धरले. माझा खांदा भिंतीला घासत होता. भिंत गरम होती. तिच्यातून माती आमच्या डोक्यावर आणि कापडात पडत होती. एक पायरी उतरली की सगळ्यांनी थांबायचे, कापड सावरायचे, मग दुसरी. पायऱ्या करकरत नव्हत्या, पण भिंतीतला तो आवाज आता थांबत नव्हता. मला ओरडावेसे वाटत होते. ओरडले तर भिंत पडेल असेही वाटत होते. या दोन्ही गोष्टी मला स्पष्ट आठवतात.

"कोन हाय मागं? डोळ्यात माती जातेय माझ्या," आजी म्हणाली.

"कोणी नाही. डोळे मिटा," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या.

आम्ही खाली आलो, कारखान्याच्या कडेने गल्लीत आलो आणि आजीला समोरच्या चहाच्या दुकानातल्या बाकावर ठेवले. चहावाला काय झाले म्हणून विचारत होता. मी त्याला सांगत असताना काकू म्हणाल्या, "वहिनी कुठायत?"

आई जिन्याकडे परत गेली होती. ती का गेली हे तिने नंतर सांगितले. भाड्याच्या पावत्या स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पेटीत होत्या. त्या नसल्या तर आपण तिथे कधीकाळी राहत होतो हेही सिद्ध करता येणार नाही, असे तिला जिना उतरताना आठवले.

मी गल्लीतून हाक मारली. ती पुढच्या खोलीत आल्याचे गॅलरीच्या दारातून दिसले. ती आतल्या खोलीकडे वळली. मी पुन्हा हाक मारली. तिने मागे वळून पाहिले, आणि तेवढ्यात भिंत गेली.

आवाज मोठा नव्हता, निदान गल्लीकडून नव्हता. आधी जमिनीतून एक दणका आला, मग खूप भांडी एकदम पडल्याचा आवाज. इमारतीच्या दोन्ही बाजूंनी लाल धूळ गल्लीत आली आणि काही दिसेनासे झाले. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांच्या नखांच्या खुणा दंडावर संध्याकाळपर्यंत होत्या. चहावाला ओरडत मशिदीच्या दिशेने धावला.

धूळ बसायला वेळ लागला. तोवर आई जिवंत आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हते.

पहिल्यांदा गॅलरीचा कठडा दिसला. मग आई दिसली. ती कठड्याला पाठ लावून बसली होती, पाय पोटाशी घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत लाल. पुढच्या खोलीच्या दारातून तिच्यापलीकडे थेट मागच्या घरांची कौले दिसत होती.

नमाज संपवून कारखान्याचे कामगार धावत आले. अंगावर शुक्रवारचे धुतलेले कपडे. शिडी आणायला एकजण गेला. बाकीचे थांबले नाहीत. गॅलरी त्यांच्या हाताच्या थोडी वर होती. एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला.

"चाची, हिलना मत. हम आ रहे हैं."

आई हलली नाही. तिला सांगूनही हलता आले नसते, असे ती पुढे म्हणायची.

"हाथ दो, चाची. नीचे मत देखो, मुझे देखो. अरे, मेरा मुँह इतना भी खराब नहीं है."

खाली कोणीतरी हसले. आईने हात दिला. चौघांनी मिळून तिला उतरवले. तिच्या कोपराला खरचटले होते. दुसरी इजा नव्हती. हात रिकामे होते.

वडील शाळेतून आले तेव्हा गल्लीत गर्दी होती. "सकाळी काच शाबूत होती," असे ते भेटेल त्याला सांगत होते. "मी स्वतः पाहिली. शाबूत होती." आई चहाच्या दुकानात आजीच्या पायाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

ओव्हरसिअर माणसे घेऊन आले. त्यांनी गल्ली दोन्ही बाजूंनी बंद केली, वर कोणी नाही याची खात्री केली आणि मग पंचनामा लिहायला घेतला. ढिगाऱ्यात त्यांना भिंतीचा एक तुकडा सापडला होता. त्यावरच्या सिमेंटच्या गोळ्यात एकावर एक बरेच थर होते आणि प्रत्येक थरात काचेचे तुटके टोक होते.

"हे मी लावलेलं नाही," ते वडिलांना म्हणाले. "मी एकच काच लावली होती."

वडील त्या तुकड्याकडे पाहत राहिले.

"मी लावलं," आई म्हणाली.

"का, बाई?"

"फुटली की उतरायचं म्हणाला होतात ना तुम्ही."

ओव्हरसिअरांनी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घेतले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. वडिलांनी ते तिथे पहिल्यांदा ऐकले. आईने सही केली. तिचे नाव वाचता येत नव्हते, म्हणून ओव्हरसिअरांनी तिच्याकडून पुन्हा सही करून घेतली.

इमारतीचा उरलेला भाग त्याच महिन्यात उतरवला गेला. काकू आणि आजी पडघ्याला गेल्या. आम्ही काही दिवस शाळेच्या एका वर्गात राहिलो आणि मग शेलारला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तळमजल्यावर. आईने तिथे पहिली गोष्ट केली ती म्हणजे चारही भिंतींवरून हात फिरवून पाहिला. काच या विषयावर आईवडिलांमध्ये त्यानंतर काय बोलणे झाले, किंवा झाले की नाही, हे मला माहीत नाही. माझ्यासमोर झाले नाही.

१९९१ साली त्या जागेवर नवी इमारत झाली. खाली लूम, वर खोल्या. शेठ शेलारला आले आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, तुमची खोली हाय. पावती-बिवती काय नको. मना म्हाईत हाय, तुमी कुठं ऱ्हात होता." वडील दुसऱ्या दिवशी जाऊन खोली पाहून आले. भिंती सिमेंटच्या आहेत आणि जिना पुढून आहे, असे त्यांनी आईला सांगितले. आई खोली पाहायला गेली नाही. वडिलांनी तिला पुन्हा विचारले नाही. ती खोली पुढच्या वर्षी दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली.